आधी रक्त, मग लस?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, माझी मुलगी पावणेदहा महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात तिचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४ आलं. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची होती, पण सासूबाई म्हणतात, अंगात रक्त नाही त्या पोरीला सुई टोचू नका, आधी रक्त भरू द्या. गेल्या वर्षी माझ्या नणंदेच्या मुलाचं रक्त अचानक खूप कमी झालं होतं. त्याला दवाखान्यात ठेवून रक्त चढवावं लागलं, आणि डॉक्टरांनी स्वतःच त्याची ही लस सहा महिने पुढे ढकलली. त्यामुळे घरात सगळ्यांना सासूबाईंचं पटतं. मलाही शंका येते. मुलगी जन्मली तेव्हा लालबुंद होती. दीड महिन्यापासून लसी सुरू झाल्या आणि तेव्हापासूनच ती फिकट दिसायला लागली. लसीने रक्त कमी होतं का? रक्त कमी असताना दिलेली लस अंगी लागते का, की वाया जाते? लोहाचे थेंब सुरू केलेत, ते लसीच्या दिवशी द्यायचे का? ती दिवसातून चार बाटल्या गाईचं दूध पिते, बाकी फारसं काही खात नाही. रिपोर्ट सोबत पाठवते आहे. रात्र रात्र झोप लागत नाही.
– एक आई

ताई,

आधी उत्तर देते, म्हणजे आज तरी झोपाल. लेकीला गोवराची लस द्या, याच आठवड्यात द्या. रक्त वाढायची वाट बघू नका आणि लोहाचे थेंबही थांबवू नका. दोन्ही एका वेळी चालतं. लसीकरणाच्या प्रमुख नियमांत लोहाच्या कमतरतेमुळे झालेला ॲनिमिया हे लस थांबवण्याचं कारण धरलेलं नाही.

पण एवढं सांगून भागणार नाही, कारण घरी गेल्यावर तुम्हाला सासूबाईंच्या प्रश्नाला तोंड द्यायचं आहे. आणि त्या काही मनचं बोलत नाहीत. त्यांनी आपल्या नातवाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय, की रक्त कमी झालं आणि डॉक्टरांनी लस थांबवली. जे पाहिलं ते खरंच आहे. त्यामागचं कारण मात्र त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही, आणि मला वाटतं तुमच्या घरातला सगळा घोळ तिथेच आहे.

नणंदेच्या मुलाचे कागद माझ्यासमोर नाहीत. पण एखाद्या मुलाला रक्त चढवल्यावर गोवराची लस लांबवतात, त्याचं कारण सगळीकडे एकच असतं. बहुतेक मोठ्या माणसांना कधीकाळी गोवर येऊन गेलेला असतो किंवा त्यांनी लस घेतलेली असते. त्यामुळे रक्तदात्याच्या रक्तात गोवराविरुद्धच्या अँटीबॉडी तयार असतात, आणि पिशवीतल्या रक्ताबरोबर त्या मुलाच्या अंगात जातात. गोवराच्या लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो अंगात थोडा वाढला, तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. उसन्या अँटीबॉडींनी त्याला वाढण्याआधीच गाठलं तर लस टोचल्याची नोंद होते, शरीर मात्र कोरंच राहतं. म्हणून उसन्या अँटीबॉडी विरेपर्यंत थांबायचं. तांबड्या पेशींच्या नेहमीच्या पिशवीनंतर साधारण सहा महिने, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवल्या असतील तर सात. पेशी धुऊन दिल्या असतील तर थांबावंच लागत नाही. कांजिण्यांच्या लसीलाही हेच लागू. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ ब यांच्या लसींत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे रक्त चढवल्याने त्यांना काही फरक पडत नाही.

थोडक्यात, त्या मुलाची लस थांबली ती रक्त चढवल्यामुळे. रक्त कमी होतं म्हणून नव्हे. सासूबाईंना नेमकं एवढंच सांगा. त्यांना आणखी एक गोष्ट पटेल. गोवराची लस जन्मल्या जन्मल्या का देत नाहीत? कारण बाळाच्या अंगात तेव्हा आईच्या अँटीबॉडी असतात आणि त्याही लसीला असंच अडवतात. पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत त्या ओसरतात. जिथे गोवर अजून फिरतो तिथे पहिला डोस नऊ महिन्यांना ठेवतात, आणि जिथे तो क्वचित दिसतो तिथे वर्ष पूर्ण झाल्यावर देतात, ते यामुळेच. तुमच्या लेकीच्या अंगातलं आईचं संरक्षण आता संपत आलंय किंवा संपलंय. कार्डावरचा तो रकाना कोरा आहे तोवर ती उघडी आहे.

आणि समजा, घरच्यांच्या आग्रहाखातर कुणी तिला खरोखरच रक्त चढवलं, तर गोवराची लस तिथून पुढे सहा महिने लांबेल. ८.४ ला, खेळत्या, दूध पिणाऱ्या बाळाला रक्त चढवण्याची गरजही नसते. ती वेळ हिमोग्लोबिन फारच खाली गेलं, बाळाला धाप लागली, हृदयावर ताण आला, की येते. तुमच्या लेकीचं रक्त तोंडावाटे दिलेल्या लोहाने भरून येईल.

आता ‘जन्मली तेव्हा लालबुंद होती’ याबद्दल. हे मला इतक्या आयांनी सांगितलंय, आणि प्रत्येकीचं निरीक्षण अचूक असतं. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो, म्हणून शरीर तांबड्या पेशी भरपूर करून ठेवतं. जन्मताना हिमोग्लोबिन १६-१७ च्या आसपास असतं. बाळ जन्मतं, फुप्फुसं उघडतात, ऑक्सिजनची चंगळ होते, आणि तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम देणारं संप्रेरक काही आठवडे जवळजवळ बंद पडतं. जन्माच्या वेळच्या पेशींचं आयुष्यही मोठ्यांच्या पेशींपेक्षा कमी असतं. त्या मोडत जातात, नव्या येत नाहीत. आठ ते बारा आठवड्यांच्या सुमाराला हिमोग्लोबिन १० ते ११ पर्यंत उतरतं. हे प्रत्येक निरोगी बाळात होतं, लस दिलेल्या आणि न दिलेल्याही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात आणखी लवकर आणि आणखी खाली उतरतं.

आणि बाळाच्या लसींची पहिली मालिका साधारण याच दिवसांत सुरू होते, सहा ते आठ आठवड्यांपासून. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ. टोचायच्या बहुतेक लसींच्या एका डोसात जेमतेम अर्धा मिलिलिटर द्रव असतो. त्यात लोह खाणारं काही नसतं आणि तांबड्या पेशी मोडणारंही नसतं.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही, कारण ती कधीतरी तुमच्या कानावर येईलच. लसीनंतर शरीराने स्वतःच्याच तांबड्या पेशी मोडायला सुरुवात केल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, पण त्या अगदी विरळ आहेत. असं झालं तर बाळ एक-दोन दिवसांत अचानक पांढरंफटक पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी गडद होते. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीनंतर साधारण ३० ते ४० हजार डोसांमागे एकाला काही आठवडे प्लेटलेट कमी झालेल्या आढळतात. हा ॲनिमिया नव्हे, आणि बहुतेक मुलांत प्लेटलेट आपोआप पूर्ववत होतात. तुमच्या लेकीचं चित्र यातलं कुठलंच नाही. ती महिनोन्‌महिने हळूहळू फिकट होत गेली आहे.

कशाने गेली, ते तुमच्याच पत्रात आहे. बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, बराचसा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. तो चार ते सहा महिने पुरतो. पुढे लोह बाहेरून यावं लागतं. गाईच्या दुधात ते नावाला असतं. वर दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. काही बाळांत गाईच्या दुधाने आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावही होतो, तो शीमधे डोळ्यांना दिसत नाही. आणि चार बाटल्यांनी पोट भरलेलं बाळ वाटीतलं काय खाणार? वर्षाच्या आत गाईचं दूध हे मुख्य पेय असता कामा नये. एकेक बाटली कमी करत या. अंगावरचं पाजत असाल तर ते चालू ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर वरचं अन्न द्या: डाळी, पालेभाज्या, खात असाल तर अंडं, मांस, मासे, आणि सोबत क जीवनसत्त्व असलेलं फळ. पहिले दोन-तीन दिवस ती दुधासाठी रडेल. ते रडणं सोसा.

रिपोर्ट मी दोनदा वाचला. तुम्ही ८.४ या आकड्याखाली पेनने दोन रेघा मारल्या आहेत. मी मात्र आधी त्याखालच्या ओळी बघते. पांढऱ्या पेशी योग्य, प्लेटलेट योग्य, तांबड्या पेशींचा आकार (रिपोर्टात ‘MCV’) मात्र ६२. याचा अर्थ पेशी लहान आहेत, लोहाविना घडलेल्या. या वयाच्या बाळात तो साधारण ७० च्या वर असायला हवा. लसीच्या दृष्टीने या तीन ओळी ८.४ पेक्षा महत्त्वाच्या आहेत. रक्त कमी आणि सोबत प्लेटलेटही कमी, पांढऱ्या पेशी विचित्र, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, मानेत किंवा काखेत गाठी, उतरत नसलेला ताप, असं काही असतं तर मी स्वतःच म्हटलं असतं की थांबा, आधी हे काय आहे ते पाहू. रक्ताचा कर्करोग किंवा अस्थिमज्जेचं दुखणंही सुरुवातीला ‘रक्त कमी’ म्हणूनच समोर येतं, आणि अशा मुलांना जिवंत विषाणूची लस द्यायची नसते. बरेच दिवस स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असलेल्या मुलांचंही तसंच. रोज किलोमागे २ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, दोन आठवडे किंवा अधिक घेतलं असेल तर ते बंद केल्यावर निदान महिनाभर जिवंत लस देत नाहीत. तुमच्या लेकीला यातलं काही नाही.

तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न ‘लस अंगी लागते का’ हा होता. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

लस टोचली की शरीरातल्या मोजक्या पांढऱ्या पेशी त्या जंतूला ओळखतात आणि भराभर दुणावत जातात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा हजारो. प्रत्येक वेळी पेशी दुभंगताना तिला आपल्या जनुकांची नवी प्रत करावी लागते, आणि ती प्रत करणाऱ्या यंत्रणेतल्या एका कळीच्या घटकाला लोह लागतं. लोह म्हटलं की आपल्याला तांबड्या पेशीच आठवतात, पण रोगाशी लढणाऱ्या पेशींचीही त्यावर तितकीच भूक असते. काही मोजक्या कुटुंबांत असा जन्मजात दोष सापडला आहे, की पेशींना लोह आत ओढून घेता येत नाही. त्या मुलांचा ॲनिमिया सौम्य असतो, पण त्यांची प्रतिकारशक्ती अगदी ढासळलेली असते. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा लोह आणि प्रतिकारशक्तीच्या नात्याकडे अनेकांनी नव्याने पाहायला सुरुवात केली.

मग २०२० मध्ये केनियातल्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतेवेळी ज्या बाळांना ॲनिमिया होता, त्यांच्यात पुढे घटसर्प, डांग्या खोकला आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांविरुद्धच्या अँटीबॉडी कमी आढळल्या. त्याच संशोधकांनी दुसऱ्या एका गटात गोवराची लस देण्याच्या सुमाराला काही बाळांच्या खाण्यात लोह असलेली पूड मिसळली, काहींच्या पुडीत लोह नव्हतं. लोह मिळालेल्या बाळांचा गोवराच्या लसीला प्रतिसाद जास्त चांगला होता. दुसरा प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठं काही बोलू नये. पण दिशा स्पष्ट दिसते आणि माझ्या मनाला ती पटते.

याचा अर्थ लस वाया जाते असा काढू नका. रक्त कमी असलेल्या बहुसंख्य बाळांतही लस लागते, काहींत थोडी दुबळी लागते इतकंच. गोवराच्या पहिल्या डोसाने नऊ महिन्यांच्या वयात निरोगी बाळांतही शंभरातल्या सुमारे ८५ जणांनाच संरक्षण मिळतं. दुसरा डोस त्यासाठीच असतो. त्या अभ्यासातून मी एवढंच घेते, की लोहाचे थेंब लसीच्या सोबतीने चालू असलेले बरे. तुमचे सुरूच आहेत. म्हणजे सासूबाई ‘आधी रक्त’ म्हणतात ती काळजी तुम्ही मोडीत काढत नाही आहात. रक्तासाठी जे करायचं ते चालूच आहे आणि लसीची तारीखही टळत नाही.

तारीख टळली तर काय होतं, ते मी एका मुलाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. दीड वर्षाचा होता. नऊ महिन्यांना त्याचं हिमोग्लोबिन ७.८ होतं, घरच्यांनी ‘थोडं रक्त येऊ दे’ म्हणून लस थांबवली. रक्त आलं. तीन-चार महिन्यांत ११ च्या वर गेलं. पण तोवर लसीची आठवण कुणालाच राहिली नाही. माझ्याकडे आला तेव्हा डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, नाक वाहतंय, खोकला थांबत नाही. तोंड उघडून बॅटरी मारली तर गालाच्या आत, दाढांसमोर, लालसर पृष्ठभागावर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके. दुसऱ्या दिवशी कानामागून पुरळ निघालं. न्यूमोनिया झाला, बारा दिवस दवाखान्यात काढले. तो वाचला. घरी जाताना त्याचं हिमोग्लोबिन पुन्हा ९ वर होतं, ज्या रक्तासाठी थांबले होते ते दुखण्याने पुन्हा ओरबाडून नेलं होतं. त्याची आजी माझ्या टेबलासमोर बसून काही न बोलता पदराची गाठ सोडत-बांधत होती. तिच्या मनात नातवाचं वाईट थोडंच होतं? म्हणून मी तुमच्या सासूबाईंवर जराही रागावलेली नाही.

गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. आणि गोवर नुसता येऊन जात नाही. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा इतर आजारांविरुद्ध आधी कमावलेल्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकलेल्या दिसल्या. शरीर शिकलेलं विसरतं. आधीच अशक्त बाळाला हे परवडत नाही. अंगात रक्त कमी आहे, हेच लस न टाळण्याचं कारण आहे, असं मला मनापासून वाटतं.

थेंबांविषयी. लसीच्या दिवशी द्या, आदल्या दिवशी द्या, दुसऱ्या दिवशी द्या. लोहाचे थेंब लसीच्या आड येत नाहीत. बाळ उलट्या करत असेल किंवा तापाने मलूल झालं असेल तर एक-दोन दिवस थेंब सुटले तरी बिघडत नाही. डोसाकडे मात्र नीट बघा, कारण इथे फार चुका होतात. उपचाराचा डोस साधारणपणे रोज किलोमागे ३ मिलिग्रॅम असतो, तो मूळ लोहाचा. बाटलीवर पुष्कळदा मोठ्या अक्षरात क्षाराचं वजन असतं आणि बारीक अक्षरात मूळ लोहाचं. फेरस सल्फेटमध्ये मूळ लोह पाचव्या हिश्श्याइतकंच असतं. तुमची लेक साडेसात किलोची असेल तर तिला साधारण २२ मिलिग्रॅम मूळ लोह लागेल. किती थेंब किंवा किती मिलिलिटर, ते बाटली घेऊन तुमच्या डॉक्टरांकडून सिरिंजवर खूण करून घ्या. दुधाबरोबर देऊ नका, दोन दुधांच्या मधे द्या. गालाच्या आतल्या बाजूला मागे सोडा, वर दोन घोट पाणी पाजा, म्हणजे इवल्या दातांवर काळे डाग पडणार नाहीत. शी काळी होईल, घाबरू नका. आणि बाटली उंच कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. रांगतं पोर ती एका दमात प्यायलं तर लोहाच्या विषबाधेने जीव जाऊ शकतो.

महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. किमान १ ग्रॅमने वाढलं असेल तर निदान बरोबर आणि औषध लागू. मग आकडा योग्य झाल्यावरही दोन-तीन महिने थेंब चालू ठेवायचे, कारण तेव्हा कुठे साठा भरायला लागतो. थेंब नियमित देऊनही वाढलं नाही तर थॅलेसेमियासारखी आनुवंशिक कारणं तपासावी लागतील. ही तपासणी लसीनंतरच्या तापाच्या दिवसांत करू नका. शरीर कुठल्याही जंतूला सामोरं गेलं की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि लोह पेशींत कोंडून ठेवलं जातं. रक्तातलं लोह काही दिवस कमी दिसतं आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन खोटंच वर चढतं. अशा दिवसांतला रिपोर्ट हाती आला की पुन्हा कुणीतरी लसीकडे बोट दाखवणार. ताप उतरून दोन आठवडे जाऊ द्या.

नणंदेला एक निरोप द्या. तिच्या मुलाचं रक्त अचानक का उतरलं होतं, त्याचं निदान तिने लेखी मागून घ्यावं, आणि सहा महिने झाल्यावर लांबवलेली लस खरंच दिली गेली का ते कार्डावर पाहावं. लांबवलेल्या लसी पुष्कळदा राहूनच जातात. निदान सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचं निघालं, तर त्या मुलाला इतरांपेक्षा जास्त लसी लागतील. सिकलसेलमध्ये पानथरी लहानपणीच निकामी होत जाते, आणि न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलससारखे जंतू रक्तातून गाळण्याचं काम तीच करते. अशा मुलांना या तिन्हींच्या लसी आणि दरवर्षी फ्लूची लस देतात. लहान वयात रोज पेनिसिलिनही देतात. त्याने न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले, हे १९८६ मधल्या चाचणीत दिसलं होतं. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांना कावीळ ब ची लस हवीच. पानथरी काढायची ठरली तर लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी संपवायच्या.

तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन बाळंतपणानंतर तपासलंय का? पत्रात त्याविषयी एक शब्द नाही. लेकीबरोबर तुमचीही तपासणी करून घ्या.

शेवटचं, लसीनंतरच्या दिवसांचं. टोचल्यावर एक-दोन दिवस मांडी किंवा दंड दुखेल, ते लगेच कळेल. पण गोवराच्या लसीचा ताप उशिरा येतो, साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, आणि काही बाळांच्या अंगावर बारीक लालसर पुरळही येतं. दोन-तीन दिवसांत जातं, इतरांना लागत नाही. तोवर लस टोचल्याचं घरात सगळे विसरलेले असतात आणि नव्या आजाराची भीती बसते. म्हणून लस देऊन आलात की दिनदर्शिकेवर त्या सहा दिवसांवर खूण करा आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, झटका आला, बाळ दूध घेईना किंवा श्वास जोरात चालला, तर वाट न बघता दाखवा.

जाताना कार्ड आणि हा रिपोर्ट दोन्ही बरोबर न्या. तिथे कुणी ८.४ बघून ‘महिन्याने या’ म्हणालं तर रिपोर्टातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्यांना दाखवा, मुलीला कधीही रक्त चढवलेलं नाही हे सांगा, आणि लस आजच द्या म्हणून शांतपणे विचारा. महिन्याने हिमोग्लोबिन काय आलं ते मला नक्की कळवा, मी वाट बघते.